काटा तिथेच होता

सोमवारी सकाळी रेडिओ लावला आणि वाटलं, पुसताना हात लागून काटा सरकला असेल. चष्मा लावून पाहिलं, काटा जागेवरच होता. एकापाठोपाठ एक आजची गाणी, मध्येच जिंगल, आणि बोलायला कुणीच नाही.

सोळा वर्षं मी त्या स्टेशनवर जुनी गाणी ऐकत आले. गाण्यांइतकाच जीव जडला होता सकाळच्या निवेदकांवर. संगीतकार, गीतकार तर ते सांगायचेच, पण मधल्या तुकड्यात कुठलं वाद्य वाजतंय तेही सांगायचे. एकदा म्हणाले, "दुसऱ्या अंतऱ्याआधीची बासरी ऐका, मग बोलू." मी इस्त्री उभी करून ठेवली आणि ऐकलं. ते गाणं त्याआधी शंभरदा तरी कानावरून गेलं असेल. बासरी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली.

शुक्रवारी ते नेहमीसारखं "सोमवारी भेटू" म्हणाले होते.

मी स्टेशनला फोन केला. "फॉर्मॅट बदललाय" एवढंच उत्तर मिळालं. म्हणजे स्टेशनवर काय आणि कसं लावायचं, तेच बदललं. ते कुठे गेले, कुणी सांगेना.

यामागचं गणित मला कळतं. खाजगी स्टेशन जाहिरातींवर चालतं, आणि जाहिरातदार पैसे मोजतो ते ठरावीक वयाच्या श्रोत्यांसाठी. अमेरिकेत २५ ते ५४ हा वयोगट सगळ्यांना हवा असतो. आपण त्या गटातून बाहेर पडलो की आपली गाणीही हळूहळू बाहेर पडतात. तिकडच्या 'ओल्डीज' म्हणजे जुन्या गाण्यांच्या स्टेशनांनी पन्नास-साठच्या दशकांतली गाणी अशीच कमी करत नेली आणि ऐंशीच्या दशकातली आत घेतली.

पण श्रोत्यांनी मुकाट्यानं ऐकून घ्यावं, असंही नाही. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनसीएन या शास्त्रीय संगीताच्या स्टेशननं १९७४ साली एकदम रॉक सुरू केलं. श्रोत्यांनी संघटना बांधली, लढा दिला, आणि १९७५ मध्ये तिथे शास्त्रीय संगीत परत आलं. या बातमीनं मला आजही धीर येतो. पुढे याच संघटनेच्या नावानं खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८१ मध्ये निकाल लागला तो श्रोत्यांच्या विरुद्ध: कुठलं संगीत लावायचं हे बाजारावर सोपवायचं, रेडिओ स्टेशनांना परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाचं धोरण न्यायालयानं मान्य केलं. १९९३ मध्ये त्या स्टेशनवर पुन्हा रॉक आलं.

त्याच शहरात डब्ल्यूसीबीएस-एफएम १९७२ पासून जुनी गाणी लावत होतं. जून २००५ मध्ये निवेदकांना बाजूला करून तिथे 'जॅक' नावाचा फॉर्मॅट आणला. त्यात निवेदक नाहीत, कुठल्याही काळातली गाणी एकापुढे एक लागतात. श्रोते दुरावले, आणि जुलै २००७ मध्ये जुनी गाणी परतली. दोन वर्षं! मी तेवढं थांबायला तयार आहे.

नव्या गाण्यांवर माझा राग नाही. माझी भाची ती ऐकते, तिच्यासोबत मीही ऐकते. काही फार सुरेख आहेत. मला लागलं ते निरोप न मिळाल्याचं. ज्यांचा आवाज सोळा वर्षं घरात होता, ते असे मधूनच नाहीसे झाले. ऐकणाऱ्यांना सांगायला हवं, इतकंही कुणाला वाटलं नाही.

काल स्टेशनला पत्र टाकलं. फॉर्मॅट परत आणा, असं लिहिलेलं नाही. त्या निवेदकांना एक तास द्या, एवढंच मागितलंय. वार आणि वेळ तुम्हीच ठरवा, फक्त आधी कळवा. आणि शेवटी ते बासरीचं गाणं लावा.