आमची वाटचाल : अंधारातले चेहरे

आमची चित्रपटनिर्मिती संस्था लहान आहे. कायमची माणसे पाच, आणि आजवर केले ते सगळे कमी खर्चाचे भयपट. या प्रकाराची आवड होतीच; शिवाय एक घर, एक रात्र आणि चार-पाच माणसे एवढ्यावर गोष्ट उभी राहते आणि नामवंत चेहरा नसला तरी प्रेक्षक येतो, हेही आमच्या पथ्यावर पडणारे होते.

कोणालाही नायक करण्याची मोकळीक अशी हाताशी असताना आम्ही ती पहिल्या चित्रपटात वापरली नाही. नायिका गोरी, तिची मैत्रीण काळी, आणि पहिला बळी अर्थातच मैत्रिणीचा. ती भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने वाचनाच्या वेळी विचारले, "या मुलीला नाव का नाही?" पटकथेत तिच्यापुढे फक्त ‘मैत्रीण २’ असे छापलेले होते. त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते.

खरे तर उत्तर फार पूर्वी देऊन झाले होते. १९६८ साली अमेरिकी दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांनी सुमारे १,१४,००० डॉलरमध्ये ‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा भयपट केला आणि मुख्य भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याला दिली. ऑडिशनमध्ये तोच सर्वांत चांगला ठरला, असे रोमेरो सांगत असत. पटकथेत वर्णाचा उल्लेख नव्हता. तरीही रात्रभर उठून आलेल्या प्रेतांशी झुंजून वाचलेला तो माणूस सकाळी मदतीला आलेल्यांच्याच गोळीने मरतो, तेव्हा त्या मृत्यूला जो अर्थ येतो तो केवळ त्या निवडीमुळे येतो.

दुसऱ्या चित्रपटात त्याच अभिनेत्रीला आम्ही नायिका केले आणि आमचे काम झाले असे समजलो. पहिल्या रात्रीचे चित्रण पडद्यावर पाहिले, तेव्हा तिचा चेहरा अंधारात विरून गेलेला होता आणि डोळ्यांखेरीज काहीच दिसत नव्हते, कारण सगळी प्रकाशयोजना आम्ही गोऱ्या सहकलाकारावर बेतली होती. ही सवय धंद्यात जुनीच आहे. रंगीत छायाचित्रांच्या प्रयोगशाळांत कित्येक दशके रंग जुळवण्यासाठी जे नमुना-कार्ड वापरत, त्यावर गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. नुसता दिवा वाढवला तर रात्रीची दुपार होते. म्हणून आमच्या छायाचित्रकाराने तिच्या एका बाजूला पांढरे थर्माकोल उभे करून त्यावरून परतलेला मऊ प्रकाश गालावर घेतला, मागची भिंत किंचित उजळवली, सहकलाकारावरचा प्रकाश काळ्या कापडाने अडवला, आणि चेहऱ्यावरची पावडर काढायला लावून त्वचेची मूळची चमक राहू दिली. अंधार तेवढाच राहिला, पण तिच्या कपाळावरची शीर ताणलेली दिसू लागली, आणि भीती तिथूनच प्रेक्षकापर्यंत पोहोचते. तेव्हापासून प्रत्येक मुख्य कलाकाराची कॅमेरा-चाचणी आमच्या वेळापत्रकात असते. तिला अर्धा दिवस लागतो आणि पैसे कमी पडले तरी आम्ही तो कापत नाही.

भाजलेला किंवा वाकडा चेहरा म्हणजे भूत, हे समीकरणही आम्ही सोडले. पूर्वी आम्ही ते केले, याचे आजही वाईट वाटते. ज्यांच्या अंगावर तसे व्रण आहेत, तेही तिकीट काढूनच येतात.

पटकथा लिहिणारे मात्र बराच काळ आम्हीच होतो, आणि ती उणीव सर्वांत उशिरा लक्षात आली. सध्याच्या चित्रपटाची नायिका कर्णबधिर आहे. तिला मागून येणारी पावले ऐकू येत नाहीत, एवढ्यावरच आम्ही सगळी भीती उभारली होती. सहलेखिका स्वतः कर्णबधिर आहे. तिने तो मसुदा बाजूला ठेवला आणि दुभाष्यामार्फत सांगितले की अशा घरात तिला पावलांपेक्षा दिवा जाण्याची भीती अधिक वाटेल, कारण हात दिसेनासे झाले की शेजारी उभ्या असलेल्या बहिणीशीही बोलता येत नाही. आता पहिला प्रसंग तोच आहे : दोन बहिणी, एक विजेरी, आणि विजेरीच्या मावळत्या उजेडात घाईघाईने हलणारे चार हात.