1880 ते 1900 चा कप्पा: वर्षाआधी कालगणना विचारणारा फिल्टर

मागील नोंदीत लिहिल्याप्रमाणे होळकर, शिंदे आणि गायकवाड या तिन्ही दरबारांची 1880 ते 1900 या काळातील नाणी एका कप्प्यात एकत्र लावण्याचे काम हाती घेतले आहे. हाताने ठोकलेली नाणी मागे पडून यंत्रावर पाडलेली नाणी याच सुमारास रुळू लागली, त्यामुळे तिघांची नाणी शेजारी शेजारी ठेवली की हा बदल डोळ्यांना दिसतो. इंदूरच्या सराफ्यातून वर्षानुवर्षे गोळा केलेल्या माझ्या नाण्यांची यादी एक्सेलमध्ये आहे आणि तिच्यात आजमितीस 214 ओळी आहेत. नाण्यावर जे वर्ष कोरलेले असते तेच मी 'वर्ष' या रकान्यात लिहितो आणि ते हिजरी, विक्रम की इसवी, हे शेजारच्या 'कालगणना' या रकान्यात नोंदवतो.

घोटाळ्याचे मूळ इथेच होते. प्रथम मी साध्या फिल्टरने 'वर्ष' 1880 ते 1900 इतके मागितले, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानची काही नाणी तेवढी आली आणि माझ्या तिन्ही दरबारांचे एकही नाणे आले नाही. मग विक्रम संवताचा हिशोब करून 1936 ते 1957 ही मर्यादा घातली. सयाजीराव महाराजांचे खूर व तलवार असलेले पैसे आले, शिवाजीराव होळकरांची बसलेल्या नंदीची तांब्याची नाणी आली. पण त्यांच्याच रांगेत सहाव्या जॉर्जचा 1940 चा पाव आणा, 1944 चा भोकाचा पैसा आणि स्वतंत्र भारताचा 1957 चा नया पैसा हेही येऊन बसले. फिल्टरची यात काही चूक नव्हती. मी केवळ आकडा विचारला होता आणि त्याने आकडाच पाहिला होता.

एकाच रकान्याची मर्यादा दुसऱ्या रकान्यातील मजकुरानुसार बदलायची असेल, तर अॅडव्हान्स्ड फिल्टर, म्हणजे निकष शीटवरच वेगळ्या ओळींत लिहून त्यांनुसार यादी गाळण्याची एक्सेलची सोय, हा मला सर्वांत सरळ मार्ग वाटला. यादीच्या वर पाच ओळी मोकळ्या सोडून पहिल्या ओळीत 'कालगणना', 'वर्ष' आणि पुन्हा 'वर्ष' अशी शीर्षके, यादीतील शीर्षकांशी अक्षरशः जुळतील अशी लिहिली. वर्षाचे शीर्षक दोनदा लागते, कारण एक खालच्या मर्यादेसाठी असते आणि एक वरच्या. त्याखाली विक्रमसाठी 1936 ते 1957, हिजरीसाठी 1297 ते 1318 आणि इसवीसाठी 1880 ते 1900 अशा तीन ओळी मांडल्या. एका ओळीतील सर्व अटी एकत्र पाळल्या जाव्या लागतात, तर निरनिराळ्या ओळींपैकी कोणतीही एक पाळली गेली तरी चालते. हा एवढा नियम कळला की पुढे सूत्र लिहावेच लागत नाही. ब्रिटिश नाणी वगळण्यासाठी 'दरबार' हा चौथा रकाना घेतला.

विक्रमची खालची मर्यादा 57 वजा करण्याच्या हिशोबाने 1937 यायला हवी, तरी मी ती मुद्दाम 1936 ठेवली. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो आणि आपल्या माळव्याकडे चैत्रात, त्यामुळे वजाबाकी महिन्यानुसार 56 किंवा 57 होते. एखादे शंकास्पद नाणे यादीत आलेले परवडते, कारण ते हातात घेऊन बाजूला काढता येते; न आलेल्या नाण्याची मात्र आठवणही होत नाही. 'इसवी' नावाचा नवा रकाना करून सर्व वर्षे त्यात बदलून ठेवावीत आणि एकाच मर्यादेत काम भागवावे, असे सोबतच्या एका संग्राहकांनी सुचवले होते. तो मार्ग चुकीचा नाही, पण त्यात प्रत्येक नाण्याला एकच ठाम इसवी वर्ष चिकटते आणि मुळातील संदिग्धता नाहीशी झाल्यासारखी वाटते, हे मला पटत नाही.

पहिल्या प्रयत्नात 214 पैकी 214 ओळी आल्या. बराच वेळ मर्यादा तपासत बसलो. शेवटी लक्षात आले की निकषांची जागा निवडताना खालची रिकामी ओळही त्यात आली होती. रिकाम्या ओळीत कोणतीच अट नसते, म्हणून ती सर्वांनाच आत घेते. ती ओळ वगळल्यावर यादी 41 नाण्यांवर आली.

ग्वाल्हेरच्या माधवरावांचा एक पाव आणा मात्र त्यात नव्हता. नाणे डबीतून काढून दिव्याखाली तिरपे धरले: नाग स्पष्ट, वर्षातील 1, 9 आणि 5 स्पष्ट, शेवटचा अंक घासून सपाट झालेला. मी कधी काळी त्या रकान्यात '195?' असे लिहून ठेवले होते. प्रश्नचिन्हामुळे तो आकडा न राहता मजकूर झाला आणि कोणत्याच मर्यादेत बसला नाही. अशा सहा ओळी निघाल्या.

त्यासाठी आता 'किमान वर्ष' आणि 'कमाल वर्ष' असे दोन रकाने केले आहेत. घासलेल्या नाण्यात 1950 आणि 1959 येते, तर स्पष्ट नाण्यात दोन्हीकडे एकच आकडा असतो. निकषांतही बदल केला: विक्रमच्या ओळीत किमान वर्ष 1957 किंवा कमी आणि कमाल वर्ष 1936 किंवा अधिक. म्हणजे नाण्याचा संभाव्य काळ आणि कप्प्याचा काळ एकमेकांवर थोडे जरी आले, तरी नाणे यादीत येते. सहापैकी चार नाणी अशी परत आली; राहिलेल्या दोघांची कालगणनाच वाचता येत नसल्याने ती वेगळ्या पाकिटात ठेवली आहेत.

पुढचा कप्पा अहिल्याबाईंच्या काळाचा, म्हणजे 1767 ते 1795 चा आहे. त्यातील शिवलिंग व बिल्वपत्र असलेल्या काही रुपयांवर हिजरी वर्ष कडेबाहेर गेले आहे आणि शाहआलम बादशाहाचे जुलूस वर्ष, म्हणजे राज्यारोहणापासून मोजलेले वर्ष, तेवढे उरले आहे. जुलूस वर्षात 1172 मिळवले की हिजरी वर्ष अंदाजे हाती येते, तेव्हा 'कालगणना' या रकान्यात 'जुलूस' ही चौथी नोंद घालून निकषांत तिची स्वतंत्र ओळ वाढवणार आहे, आणि या वेळी खालची रिकामी ओळ आधी तपासणार आहे.