तापीकाठची पॅसेंजर आणि इटलीचे दोन पोलीस

भुसावळहून सुरतेला जाणारी पॅसेंजर धरणगाव सोडते, तशी केळी मागे पडत जाते आणि कापूस सुरू होतो. नंदुरबारपर्यंतच्या या प्रवासात माझ्या पिशवीत दोन इटालियन पोलीस अधिकाऱ्यांच्या कादंबऱ्या होत्या. एक डोना लिऑन यांचा ब्रुनेत्ती, व्हेनिसचा, १९९२ पासूनचा. दुसरा आंद्रेआ कामिल्लेरी यांचा मोंताल्बानो, सिसिलीतल्या विगाता या काल्पनिक गावचा, १९९४ पासूनचा.

फरक आधी ताटात दिसतो. ब्रुनेत्ती दुपारी घरी जेवायला जातो. बायको पाओला इंग्रजी साहित्य शिकवणारी, त्यामुळे टेबलावर मुलांसमोर वाद रंगतात. मोंताल्बानोला मात्र घास तोंडात असताना कुणी बोललेलं खपत नाही.

अमळनेरला समोरच्या बाकावर एक वयस्कर जोडपं बसलं. मावशींनी फडकं सोडलं. आत कळण्याची भाकरी, पातीचा कांदा आणि पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, वर तेल सुटलेलं. भाकरीच्या चतकोरावर भरीत ठेवून त्यांनी माझ्यापुढे हात केला, "ल्या भाऊ." त्या भरताला धुराचा वास होता आणि हिरव्या मिरचीचा ठसका डोळ्यांपर्यंत गेला.

"काय वाची ऱ्हायनात?" काकांनी विचारलं. ते निवृत्त तलाठी. मी त्यांना दोन्ही मालिकांतल्या साहेबांबद्दल सांगितलं. ब्रुनेत्तीचा वरिष्ठ पात्ता, बड्यांपुढे वाकणारा, तो सिसिलीचा. मोंताल्बानोला छळणारा बोनेत्ती-आल्देरिगी बेर्गामोचा, पार उत्तरेचा. म्हणजे उत्तरेच्या गोष्टीत नडणारा साहेब दक्षिणेचा आणि दक्षिणेच्या गोष्टीत उत्तरेचा! काका खळखळून हसले. "आमना साहेब बी बाहेरनाच ऱ्हाये," म्हणाले, आणि मग दोंडाईचापर्यंत बदल्यांचेच किस्से.

मला स्वतःला मोंताल्बानो जास्त जवळचा. कामिल्लेरींनी इटालियनमध्ये सिसिलीची बोली बेधडक मिसळली. खानदेशावर अशी मालिका कुणी लिहावी असं मला फार वाटतं, आणि तिच्यातल्या फौजदाराने रागावताना अहिराणीतच रागवावं. पण न्यायाच्या बाबतीत ब्रुनेत्ती जास्त चटका लावतो. त्याला गुन्हेगार सापडतो, तरी पैसा आणि ओळखी असलेला माणूस कित्येकदा सुटून जातो, आणि लिऑन त्यावर खोटी फुंकर घालत नाहीत.

नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या लांबवर लालभडक पसरलेल्या. तिथे थोडा वेळ फिरलो, शिंका आवरत.

परतीच्या गाडीत मायकेल डिब्डिन यांचा ऑरेलिओ झेन काढला, १९८८ पासूनचा. हा मूळ व्हेनिसचा, पण कामासाठी कधी पेरुजात, कधी नेपल्समध्ये, कधी सिसिलीत पाठवलेला. इथे बाहेरचा साहेब हाच नायक. मोंताल्बानो आणि ब्रुनेत्ती आधी वाचलेले असले तर झेनच्या अडचणी जास्त कळतात, म्हणून त्याला तिसरा ठेवा.