कोलिमाच्या ओहोळातला जुना कार्बन

सैबेरियात कोलिमा नदीच्या काठी दुवानी यार हा उंच कडा आहे. येडोमा, म्हणजे हिमयुगापासून गोठलेली, बर्फाने ठासलेली माती, इथे वितळून ढासळते आणि चिखलाचे ओहोळ नदीला मिळतात. त्यांतल्या विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनचं रेडिओकार्बन वय (किरणोत्सारी कार्बनवरून काढलेलं वय) २०,००० वर्षांच्या पुढे जातं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यातला सुमारे ३४ टक्के कार्बन जिवाणूंनी १४ दिवसांत फस्त केला. म्हणजे जुना कार्बन मुखापर्यंत पोहोचण्याआधीच संपू शकतो. त्यामुळे नदीच्या मुखाशी कार्बन ‘तरुण’ निघाला म्हणून जुना कार्बन मातीतून सुटतच नाही, असं म्हणणं घाईचं. नमुना ओहोळातच घ्यायला हवा.

विरघळलेला कार्बन मोजायचा तर खरी मेख पाणी गाळण्यात आहे. ०.७ मायक्रॉनचा काचतंतूंचा फिल्टर आधी ४५० अंश सेल्सियसला ४ तास भाजा. न भाजलेला फिल्टर स्वतःचाच कार्बन पाण्यात सोडतो. नमुना घेतला की लगेच गाळा. उद्यावर टाकलंत तर जिवाणू जेवून मोकळे! गढूळ पाण्याने फिल्टर पटकन तुंबतो. जोर लावू नका, फाटतो, सरळ बदला. मग गाळलेल्या पाण्याचा सामू (pH) हायड्रोक्लोरिक आम्लाने २ वर आणून बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. गोठवणं सोयीचं वाटतं खरं, पण त्याने ह्युमिक द्रव्यं (कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेली तपकिरी द्रव्यं) साकळून तळाशी बसू शकतात आणि कार्बन आहे त्यापेक्षा कमी मोजला जातो.