रेडिएशननंतरचं कोरडं तोंड, किडलेली दाढ आणि एक कागद

हे लिहितोय ते मुख्यतः एका कागदामुळे: जबड्याला किती रेडिएशन मिळालं, ते सांगणारा कागद. रेडिएशन संपतं त्याच दिवशी तो मागून घ्या, एवढं जरी कुणी लक्षात ठेवलं तरी पुरे.

घशाच्या कॅन्सरसाठी मला रेडिएशन दिलं. मास्क, रोजचं मशीन, सोललेलं तोंड, नळीतून जाणारं अन्न, सगळं निभावलं. मागे राहिली ती लाळेची उणीव. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथींना सरासरी २६ ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) वर डोस बसला, तर त्या सहसा पूर्ण सावरत नाहीत. आयएमआरटीने, म्हणजे किरणांचा जोर जागेनुसार कमी-जास्त करणाऱ्या रेडिएशनच्या पद्धतीने, त्यांना वाचवायचा प्रयत्न होतो, पण गाठ अगदी शेजारी असेल तर डॉक्टर आधी गाठीचंच बघणार, आणि ते बरोबरच आहे.

बोलता बोलता जीभ टाळूला चिकटते, घास तोंडात फिरत राहतो, रात्री पाण्याच्या घोटासाठी उठावं लागतं. त्याची सवय होते. दातांचं मात्र तसं नाही. लाळ अ‍ॅसिड सौम्य करते, दातांना खनिजं परत देते. ती आटली की अगदी हिरडीलगत कीड लागते आणि झपाट्याने आत जाते. माझी खालची डावी दाढ अशीच किडली.

डेंटिस्टनी दाढ पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "जबड्याच्या या भागाला किती डोस मिळालाय?" प्रश्न रास्त होता. जास्त रेडिएशन मिळालेल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. तिथला दात काढला तर कधी कधी जखम भरत नाही, हाड उघडं पडून मरू लागतं. याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. खालच्या जबड्याला धोका जास्त, ६० ग्रेच्या वर तर अधिकच, आणि वर्षं उलटली म्हणून तो संपत नाही.

मी फाईल पुढे केली. डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ: ६६ ग्रे, ३३ फ्रॅक्शन (म्हणजे ३३ वेळा विभागून), पूर्ण. हा आकडा गाठीचा. दाढेखालच्या हाडाला त्यातले ३० मिळाले की ६०, हे त्यावरून कळत नाही. रेडिएशन विभागात गेलो, तर खिडकीवरच्या बाईंनी त्याच कार्डाची झेरॉक्स दिली. मी म्हटलं, "मॅडम, हे आहे माझ्याकडे. मला जबड्याचा डोस हवाय." त्यांनी रेकॉर्ड रूमकडे पाठवलं. रेकॉर्ड रूमचं म्हणणं, आमच्याकडे फक्त कागद, प्लॅन कॉम्प्युटरवर असतो, विभागातच विचारा. विभागात परत आलो तर म्हणे लेखी अर्ज द्या. दिला. त्यानंतर प्रत्येक वेळी एकच उत्तर, "पुढे पाठवलाय." कुणाकडे पाठवलाय, ते कुणी सांगेना. इकडे दाढ ठणकत होती आणि कागद हाती आल्याशिवाय डेंटिस्ट पुढे जायला तयार नव्हते. मला अजून राग येतो तो यासाठी, की ती माहिती हरवलेली नव्हतीच. त्याच इमारतीत, एका कॉम्प्युटरवर व्यवस्थित ठेवलेली होती.

शेवटी गाठ पडली मेडिकल फिजिसिस्टशी. रेडिएशनचा प्लॅन बसवणारी माणसं हीच, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी प्लॅन उघडला, दाढेचा भाग शोधला, तिथला सरासरी आणि सर्वाधिक डोस लिहिला, चित्राची प्रिंट जोडली आणि डॉक्टरांची सहीही आणून दिली. सगळं बसल्या बैठकीला. तो कागद हातात आला तेव्हा मला रडू आलं. डोस जास्तच निघाला, त्यामुळे दाढ काढली नाही. रूट कॅनल करून वरचा भाग कापला, मुळं हाडातच ठेवली.

तेव्हा अर्जात "ट्रीटमेंट समरी द्यावी" असं लिहू नका. "खालच्या जबड्याचा आणि अमुक दाढेच्या भागाचा डोस, प्लॅनच्या चित्रासह" असं लिहा आणि मेडिकल फिजिक्सचं नाव घेऊन विचारा.

ज्यांचं रेडिएशन अजून सुरू व्हायचंय, त्यांनी आधी दात दाखवून घ्या. काढायचे असतील ते किमान दोनेक आठवडे आधी काढले, तर जखम भरायला वेळ मिळतो.

फ्लोराइडची जेल दातांच्या मापाच्या ट्रेमधून रोज लावायची असते. थुंकून टाकायची, चूळ भरायची नाही, पुढे अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. मी एक दिवसही चुकवत नाही. गुळण्यांसाठी एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि तेवढाच खाण्याचा सोडा. अल्कोहोलवाला माउथवॉश नको, तोंड आणखी सुकतं.

लाळ वाढवणाऱ्या पिलोकार्पिनच्या गोळ्यांनी मला थोडा फरक पडला, पण घाम फार येतो. ग्रंथीत थोडा जीव शिल्लक असेल तरच त्या चालतात, आणि गुण यायला तीन महिनेही लागू शकतात. दमा किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आंबट गोळ्या चघळा, लाळ सुटेल, असं कुणी सुचवलं तर तोंडात दात असताना ऐकू नका. त्यापेक्षा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं बिनसाखरेचं च्युइंगगम बरं.