37 मिनिटं कळ काढा

लग्नाच्या पंगतीत, ट्रेनमध्ये, ऑफिसात डबा उघडताना, सिनेमावेड्या माणसाला एक प्रश्न ठरलेला असतो: "काहीतरी हसवणारं सांगा ना, पण नेहमीचं नको." तुम्हीही तोच विचारलात. माझं उत्तर बरीच वर्षं एकच आहे. 'वन कट ऑफ द डेड', जपानी, 2017 चा. आणि त्यानंतर विसाव्या मिनिटाला येणारा फोनही एकच: "अहो, हे काय बघायला लावलंत?"

माझ्या मावसभावाने तर पंधराव्या मिनिटालाच बंद केला. त्याला दोष देत नाही. बंद पडलेल्या जलशुद्धीकरण केंद्रात एक फुटकळ टीम झॉम्बीपट काढतेय आणि तिथे खरेच झॉम्बी येतात, एवढीच गोष्ट. त्यात अभिनय भडक. मध्येच सगळे उभे राहून छंदांविषयी गप्पा मारू लागतात, संवाद विसरल्यासारखे. एक जण काही कारण नसताना उठून बाहेर चालू लागतो. रक्त थेट लेन्सवर उडतं आणि कुणीतरी ते पुसून टाकतं. कॅमेरा जमिनीवर पडतो तो पडूनच राहतो. हे सगळं सलग 37 मिनिटं, एकही कट न घेता.

पुढचं मी सांगत नाही. बायकोलाही सांगितलं नव्हतं. एवढंच, की तो पडलेला कॅमेरा, तो बाहेर गेलेला माणूस, त्या छंदांच्या गप्पा, सगळ्यांचा हिशेब पुढे पै-पैसा चुकता होतो.

मला हा सिनेमा इतका का भावला, ते मात्र सांगता येईल. कॉलेजात मी एकांकिकांना बॅकस्टेज करायचो. एकदा स्पर्धेत टेबलावर पत्र ठेवायचं राहिलं. चूक माझीच. समोर नायिका पत्र शोधतेय, इकडे मी विंगेत खिसे चाचपतोय. शेवटी नेपथ्यातल्या खिडकीतून हाताला लागलेलं कँटीनचं बिल आत सरकवलं. तिने ते थरथरत्या हातांनी उघडलं आणि डोळ्यांत पाणी आणून वाचलं. दोन वडापाव, तीन चहा. परीक्षकांनी नेमकी त्याच प्रसंगाची तारीफ केली. विंगेत आम्ही एकमेकांची तोंडं दाबून धरली होती.

ते तोंड दाबून आलेलं हसू मला पुन्हा या सिनेमात सापडलं. बहुधा जरा जास्तच बोलून गेलो.

दिग्दर्शक शिनइचिरो उएदा. त्याचा हा पहिलाच मोठा सिनेमा, तोही टोकियोतल्या एका अभिनय-दिग्दर्शन शिकवणाऱ्या संस्थेच्या कार्यशाळेतून निघालेला. नट अनोळखी. खर्च सुमारे 30 लाख येन, म्हणजे तेव्हाचे 17-18 लाख रुपये. आपल्याकडे तेवढ्यात सिनेमाचं पोस्टर आणि मुहूर्ताचे पेढे होतील. दिग्दर्शकाचं तान्हं बाळसुद्धा कामाला लावलंय. 2018 च्या जूनमध्ये टोकियोतल्या दोन छोट्या थिएटरांत लागला, लोकांनी एकमेकांना सांगत सांगत देशभर पोचवला आणि खर्चाच्या हजारपट गल्ला जमला. फ्रेंचांनी त्याचा रीमेक काढून 2022 च्या कान महोत्सवाच्या उद्घाटनाला दाखवला. तो नंतर बघा, किंवा नाही बघितलात तरी चालेल. मूळ सिनेमा तिकडे एवढा गाजला, पण आपल्याकडे दहा जणांना विचारलं तर नऊ जण "झॉम्बी? नको बुवा" म्हणतात.

तेव्हा ट्रेलर बघू नका, गूगल करू नका. एका दमात बघा, शक्यतो दोघं-तिघं मिळून. शेवटाशी आल्यावर एकदम दहीहंडी आठवली तर मला फोन करा. विसाव्या मिनिटाला मात्र नको.