बरणीवरचे नाव बदलताना : एका नमुना-संग्रहाच्या फेरतपासणीचा अनुभव

रत्नागिरीतील आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात जो सागरी नमुन्यांचा संग्रह आहे, त्यातील मासे, कोळंब्या आणि कुर्ल्या मिरकरवाडा बंदर, भाट्ये व साखरतरच्या खाड्या आणि हर्णे येथून निरनिराळ्या काळी आणलेल्या आहेत. त्यांच्या चिठ्ठ्यांवरची शास्त्रीय नावे त्या त्या वेळी हाताशी असलेल्या ग्रंथांतून उतरवलेली आहेत. सर्वांत जुन्या चिठ्ठ्या फ्रान्सिस डे यांनी १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध केलेल्या भारतीय माशांवरील ग्रंथाला अनुसरतात. संग्रहाची नोंदवही संगणकावर घ्यायचे ठरले, तेव्हा ही नावे आजच्या स्थितीला आणण्याचे काम मी मागून घेतले.

'वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज' या सूचीत जुन्या नावांची यादी एकदम टाकून आजची मान्य नावे मिळवण्याची सोय आहे, आणि तेवढ्यावर काम संपेल असे विभागात अनेकांना वाटत होते. मला ते पटत नव्हते. नाव बदलण्याची कारणे अनेक असतात, आणि कारण न पाहता बदललेले नाव जुन्या नावापेक्षा अधिक विश्वासार्ह होत नाही.

काही बदल खरोखरच सोपे निघाले. हलव्याच्या बरणीवर 'स्ट्रोमॅटियस नायजर' होते, म्हणजे त्याला पापलेटाच्या जवळचा मानले होते. तो आज 'पॅरास्ट्रोमॅटियस नायजर' आहे आणि खवल्या-बांगड्याच्या कॅरँजिडी कुलात मोडतो. बोंबलाच्या चिठ्ठीवरचे 'हार्पोडॉन' हे मूळ 'हार्पाडॉन' या नावात नंतर केलेला फेरफार होते, तेव्हा तेथे एक अक्षर तेवढे बदलले.

पांढऱ्या कोळंबीचे प्रकरण मात्र सांगण्यासारखे आहे. १८३७ मध्ये मिल्न-एडवर्ड्स यांनी तिला 'पिनियस इंडिकस' हे नाव दिले. १९९७ मध्ये पिनियस या प्रजातीच्या (जीनसच्या) उपप्रजातींना स्वतंत्र प्रजातींचा दर्जा मिळाला आणि ती 'फेनेरोपिनियस इंडिकस' झाली. पुढे २०११ च्या रेणवीय (जनुकांवर आधारित) अभ्यासाच्या आधारे त्या प्रजाती पुन्हा पिनियसमध्ये आणण्याची मांडणी झाली, आणि आजच्या सूचीत जुनेच नाव मान्य आहे. प्राणिनामकरण संहितेनुसार जाती (स्पीशीज) मूळ प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत हलवली की नाव देणाऱ्याचे नाव आणि वर्ष कंसात जाते, आणि ती मूळ प्रजातीत परतली की कंस निघतो. आमच्या संग्रहात दोन्ही काळांतल्या चिठ्ठ्या होत्या. त्या दोन्ही एकाच जातीच्या आहेत हे त्या कंसावरून आणि वर्षावरून लगेच जुळवता आले. विद्यार्थी चिठ्ठी लिहिताना कर्त्याचे नाव आणि वर्ष सर्रास गाळतात, ते मी आता गाळू देत नाही.

खरा वेळ गेला तो कुर्ल्यांवर. त्यांच्या बरण्यांवर 'सायला सेराटा' लिहिलेले होते आणि सूचीने ते नाव मान्य म्हणून जसेच्या तसे परत दिले. तरीही ते तसेच ठेवणे योग्य नव्हते. १९९८ मध्ये कीनन, डेव्ही आणि मॅन यांनी या प्रजातीची फेरमांडणी करून चार जाती निश्चित केल्या. त्याआधीच्या भारतीय लिखाणात मोठ्या कुर्लीला 'सायला ट्रँक्वेबॅरिका' आणि लहान, तांबड्या नांग्यांच्या कुर्लीला 'सायला सेराटा' म्हणण्याचा प्रघात होता. नव्या मांडणीप्रमाणे मोठी ती 'सेराटा' आणि लहान ती 'ऑलिव्हेसिया'. येथे समानार्थी नावांचा, म्हणजे एकाच जातीला मिळालेल्या दोन नावांचा, प्रश्नच नाही. नाव बरोबर आहे, ते लावले गेले दुसऱ्याच प्राण्याला, आणि अशी गोष्ट कोणतीही सूची सांगू शकत नाही.

म्हणून प्रत्येक बरणी उघडून नमुना ट्रेमध्ये घेतला. फॉर्मालिनमध्ये रंग उडतो, त्यामुळे नांग्यांच्या तांबडेपणावर काहीच ठरवता येत नव्हते. नांगीच्या पंजामागचा सांधा भिंगाखाली धरला की त्याच्या बाहेरच्या कडेवर 'सेराटा'त दोन ठळक काटे दिसतात, 'ऑलिव्हेसिया'त ते झिजल्यासारखे असतात किंवा एकच छोटा असतो. दोन्ही डोळ्यांच्या मधले दात 'सेराटा'त उंच, तर 'ऑलिव्हेसिया'त बुटके आणि गोलसर असतात. भाट्ये खाडीतल्या ज्या कुर्ल्यांवर 'सेराटा' लिहिले होते, त्यांतील बहुतेक या कसोटीवर 'ऑलिव्हेसिया' ठरल्या.

पापलेटाची अडचण आणखी निराळी. 'पाम्पस अर्जेंटियस' हे नाव १७८८ मध्ये युफ्रासेन यांनी चीनच्या किनाऱ्यावरील माशाला दिलेले आहे. क्युव्हिए यांनी १८२९ मध्ये दिलेले 'कँडिडस' हे नाव दीर्घकाळ त्याचेच समानार्थी मानले जात होते. २०१९ मध्ये उत्तर हिंदी महासागरातील चंदेरी पापलेट वेगळी जाती असल्याचे मांडले गेले आणि 'पाम्पस कँडिडस' हे नाव पुन्हा ग्राह्य झाले. समानार्थी म्हणून बाजूला पडलेले नाव कायमचे गेले असे का समजू नये, ते मला येथे नीट उमगले. महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून घोषित केलेला मासा हाच असल्यामुळे आमच्या फलकावर मी 'कँडिडस' लिहून खाली 'पूर्वीच्या लिखाणात अर्जेंटियस' अशी ओळ घातली आहे.

जुनी चिठ्ठी मी एकाही बरणीतून काढलेली नाही. नवी चिठ्ठी जाड कागदावर पेन्सिलीने लिहून तिच्या शेजारी सोडली, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. तिच्यावर नवे नाव, कर्ता, वर्ष, तपासणाऱ्याचे नाव आणि तारीख आहे. नोंदवहीत जुने नाव आणि बदलाचे कारण यांसाठी स्वतंत्र रकाने केले. कारणाच्या रकान्यात 'प्रजाती बदलली', 'समानार्थी', 'शुद्धलेखन' किंवा 'ओळख बदलली' यांपैकी एक लिहावेच लागते. जुन्या प्रबंधातला 'सायला सेराटा' हा उल्लेख धरून कोणी शोध घेतला, तर त्याला तो नमुना आज कोणत्या नावाने ठेवला आहे आणि का, हे एकाच ओळीत वाचता येते.

पापलेटाच्या काही बरण्यांवरची ठिकाणाची नोंद पुसली गेली आहे. तेथे मी केवळ 'पाम्पस' लिहून जातीची जागा मोकळी ठेवली आहे, आणि परांतील काट्यांची मोजणी करू शकणाऱ्या तज्ज्ञाला दाखवण्यासाठी त्या बरण्या वेगळ्या काढल्या आहेत.